पंधरवड्यात आलेली बंडी

जयाक्का आमच्या घरात आधी ऐकू येते, मग दिसते. डाव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा बूट आहे. त्याचा खट् आवाज, मग दुसऱ्या पायाची चप्पल ओढल्याचा, मग परत खट्. मी लग्न होऊन इकडं तेलुगू मुलखात नल्लकुंट्याला आले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ही तुझी नणंद. हिला मदत कर, पण विचारून कर." पस्तीस वर्षांत मी हे एकदाच विसरले. त्याचंच हे लिहिते आहे.

ती दोन वर्षांची असताना तापात पाय गेला. माझे सासरे दत्तोबा तिला सायकलच्या कॅरियरवर उशी बांधून सुलतान बाजारच्या मराठी शाळेत नेत. कॉलेजला रिक्षा लावली होती. नोकरी लागली सरकारी ऑफिसात, जुन्या फायली सांभाळायची, आणि तिथं वरलक्ष्मी नावाची गुंटूरकडची मैत्रीण भेटली. ती आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायची. रोज सकाळी दारात स्कूटर थांबवायची, उतरून जयाक्काचा पाय उचलून ठेवायची आणि न्यायची. एकवीस वर्षं. कुठली फाईल कुठल्या कपाटात हे जयाक्काला तोंडपाठ. साहेब बदलले, कपाटं बदलली, ती तिथंच.

मग दोन हजार चौदाचा जून आला आणि राज्याचे दोन भाग झाले. ऑफिसाचेही झाले. फायली वाटल्या, कपाटं वाटली, पंखेसुद्धा मोजून वाटले. वरलक्ष्मी तिकडच्या राज्याच्या वाट्याला गेली. जयाक्काचा विभाग तारनाक्याला भाड्याच्या इमारतीत हलवायचं ठरलं. घटस्थापनेच्या दिवसापासून तिथं हजर व्हायचं होतं.

बसची पायरी तिला चढवत नाही. ऑटोत चढायला दुसरं माणूस लागतं, उतरायलाही लागतं. साहेबांनी फोनवर फार गोड बोलून सांगितलं, "मॅडम, नाही जमलं तर संकोच करू नका. मुदतीआधी निवृत्ती घ्या. कागद मी करून देतो." आणि कागद खरंच घरी आला.

आमच्या ह्यांना, म्हणजे भगवंतरावांना, ते पटलं. ते जयाक्काचे थोरले भाऊ. जेवताना म्हणाले, "जये, पाच वर्षं राहिलीत. घरात बस आरामात. तुला काय कमी आहे?"

"दादा, तू रिटायर होऊन दोन वर्षं झाली. दिवसातनं चार वेळा दूधवाल्याशी भांडतोस. तसला आराम मला नक्को."

"मग जाणार कशी?"

"गाडी घेणार. अपंगांची मिळते तसली. मी आजवर कुणाच्या तरी मागंच बसले. आता मला पुढं बसायचंय."

"तारनाका म्हणजे काय गल्लीचं टोक आहे? मधे अडिकमेटचा फ्लायओव्हर आहे!"

"छप्पन साली राज्य फुटलं तेव्हा आपलं उदगीर तिकडं मराठी मुलखात गेलं. सगळे बाबांना म्हणाले, दत्तोबा, चला, आता इथं आपलं कोण? बाबांनी सोडली का इथली नोकरीची खुर्ची?"

"ते पायांनी धड होते," ह्यांच्या तोंडून निघून गेलं.

माझा हात वाढता वाढता थांबला. जयाक्कानं भाताचा घास घेतला, चावला, गिळला. मग म्हणाली, "म्हणूनच तर चाकं घेते म्हणलं."

ह्यांना वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटलं की ते जास्तच ताठतात. म्हणाले, "ठीक आहे, घे. पण माझी अट. पहिल्या दिवशी अकराच्या आत, कुणाचा हात न लागता तारनाक्याला पोचायचं. नाही पोचलीस तर संध्याकाळी घरी येऊन ह्या कागदावर सही."

"दिला शब्द," जयाक्का म्हणाली आणि कागद घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

गाडी बघायला आम्ही तिघं निघालो. आधी ह्यांच्या मनातली. बरकतपुऱ्यात एक मेकॅनिक साध्या स्कूटरला मागं दोन जादा चाकं बसवून द्यायचा. ह्यांचं म्हणणं, ती दिसायला गाडीसारखी दिसते, पळते, पेट्रोल कुठंही मिळतं. मेकॅनिक म्हणाला, "नंबर घ्यायला जरा वेळ लागेल सार, नवीन राज्याचं नवीन खातं." जयाक्का स्कूटरभोवती एक फेरी मारून आली. बसायला गेली, तर बुटाचा पाय पुढच्या जागेत येईना. मेकॅनिकनं तो उचलून ठेवला. तिनं हँडल धरलं आणि विचारलं, "आता मागं कशी घ्यायची?"

"पायानं ढकलायची अम्मा, मागं मागं..."

एवढं बोलून तो थांबला. बिचाऱ्यानं हातातला पाना उगीच पुसला. जयाक्का म्हणाली, "पाय उतरवून दे बाबा." झालं, ती गाडी तिथंच संपली.

मग कोठीला गेलो. तिथं दवाखान्याच्या सामानाची दुकानं आहेत, खाटा, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या. जहीरभाईंच्या दुकानात बॅटरीवरच्या दोन बंड्या होत्या, इकडं गाडीला बंडीच म्हणतात. गोल फिरणारी खुर्ची, दोन्हीकडं हात टेकायला दांड्या, पुढं हँडल, पायाखाली सपाट जागा. खुर्ची बाजूला वळवायची, बसायचं, परत सरळ करायची. पाय कुणी उचलायला नको. एक तीन चाकांची निळी, एक चार चाकांची लाल.

"तीन चक्के वाली लो अम्मा, गली में मस्त मुड़ती," जहीरभाई म्हणाले.

जयाक्कानं पर्समधून सुतळी काढली. आमच्या फाटकाची रुंदी तिनं सुतळीवर गाठ मारून आणली होती. दोन्ही बंड्यांना लावून पाहिली. लाल बंडी फाटकातून चार बोटं राखून जाणार होती.

"गल्लीत मी दोनदा वळेन. फ्लायओव्हर रोज चढायचा आहे. चार चाकांची." मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. ह्यांनी दोनदा घड्याळ बघितलं, तिनं नाही बघितलं. चढावर हात सोडला तर?

"हाथ छोड़े तो बंडी खड़ी. ब्रेक अपने आप लगता."

"बॅटरी खतम हुई तो?"

"तो बी खड़ी. लॉक."

"फिर ढकेलना कैसे?"

जहीरभाईंनी सीटच्या मागं खाली एक पिवळा खटका दाखवला. "ये खींचे तो चक्के छूटते. मगर चढाव पे कभी नक्को खींचना. ब्रेक बी छूटता, सीधे पीछे जाती. बैटरी सुस्त हुई तो बंद करो, दस मिनट सब्र करो, थोड़ा दम आता." आणि पावती लिहिता लिहिता म्हणाले, "और एक बात. रोज चार्ज करना. चलाओ या नक्को चलाओ, रोज. भूखी रखे तो मर जाती."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी तिथंच उभी होते.

तो दिवस अनंत चतुर्दशीच्या आदला. बंडी दुसऱ्या दिवशी घरी यायची होती, पण गणपतीच्या विसर्जनाला शहरात गाडी हलत नाही. ती आली तिसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवशी पितृपंधरवडा लागला होता.

आमच्या माहेरी आणि सासरीही पंधरवड्यात नवं काही वापरत नाहीत. ह्यांचं तेवढं कडक नाही, पण देवाधर्माच्या बाबतीत घरात माझंच चालतं. मी बंडीवर जुनी चादर घातली.

"वहिनी, घेतली तर पंधरवड्याच्या आधी," जयाक्का म्हणाली.

"घरात आली पंधरवड्यात."

"बरं, बसत नाही. चार्ज तरी करू दे."

"चार्ज करणं म्हणजे वापरणंच की. नव्या साडीची घडी मोडली आणि नेसली नाही म्हणून ती कोरी राहते का?" आणि मी चार्जर उचलून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला. खणाची किल्ली माझ्या कमरेला असते.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण म्हणाली, "बाबांची तिथी आहे ह्यात, म्हणून गप्प बसते." आणि खट्, खट् आपल्या खोलीत गेली. पुढचे पंधरा दिवस ती जेवणाच्या खुर्चीत बसून, समोर हवेत हँडल धरून, अंगठ्यानं दाबायचं, सोडायचं करायची. मी कणीक मळता मळता बघायची. माझ्या मनात एकदाही आलं नाही की खणात काय कोंडलंय.

सर्वपित्रीला पान वाढून झालं, आणि दुपारी मी चार्जर तिच्या हातात दिला. तिनं लावला. दोन तासांत हिरवा दिवा लागला.

"इतक्यात? जहीरभाई आठ तास म्हणाले होते."

"देवीची कृपा," मी म्हणाले.

घटस्थापनेला पहाटेच मी माती पसरली, धान्य पेरलं, कलश ठेवला, अखंड दिवा लावला. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही, घट एकटा टाकून जायचं नाही. जयाक्कानं नमस्कार केला, बंडीला हळदकुंकू लावलं आणि पावणेदहाला फाटकातून निघाली. चार बोटं राखून. मागं वळून पाहिलं नाही.

ती वळणावर दिसेनाशी झाली. दोन तासांचा हिरवा दिवा डोळ्यांपुढून हलेना. मी ह्यांना देव्हाऱ्यापुढं बसवलं.

"दिव्यावर नजर ठेवा. वात सारा, तेल घाला. हलू नका."

"मी? अगं, मला काय कळतं ह्यातलं? आणि तू कुठं निघालीस?"

मी ऐकायला थांबले नाही. कोपऱ्यावर ऑटो मिळाला.

"किधर अम्मा?"

"वो लाल बंडी दिखती ना, उसके पीछे. उसको दिखना नहीं. और ओव्हरटेक नक्को करना."

ऑटोवाला माझ्याकडं वळून बघायला लागला. "अम्मा, ऑटो में बैठ के ओव्हरटेक नक्को बोलने वाले आप पहले मिले."

विद्यानगरपर्यंत सगळं बरं चाललं. रस्त्याच्या कडेला बतुकम्मा ह्या इकडच्या फुलांच्या सणासाठी तंगेडूच्या पिवळ्या फुलांचे ढीग विकायला मांडले होते. जयाक्का कडेकडेनं, पाठ ताठ, पदर खोचलेला. बसवाले हॉर्न द्यायचे, ती जागची हलायची नाही. मला वाटलं, उगीच आले. घटापुढून उठायचं पाप तेवढं पदरात पडलं.

फ्लायओव्हर सुरू झाला आणि बंडी मंदावली. अर्ध्या चढावर तर मुंगीसारखी झाली. मग थांबली.

दहा वाजून वीस मिनिटं.

मागून बस, लॉऱ्या, हॉर्न. मोटरसायकलवरून दोघं जण उतरले. त्यांना वाटलं मदत करावी. एक जण वाकून सीटच्या मागं बघत होता आणि त्याचा हात त्या पिवळ्या खटक्याकडं जात होता. मी ऑटोतून उडीच मारली आणि धावले.

"हाथ नक्को लगाना!" जयाक्का गरजली. मी तिचा असला आवाज कधी ऐकला नव्हता.

"ढकेलते ना अम्मा..."

"चढाव है बेटा. वो खींचा तो मैं सीधी तेरे ऊपर. फिर तू दवाखाने में और मैं तेरे बाजू की खाट पे."

तो दोन पावलं मागं झाला. तेवढ्यात तिनं आरशात मला पाहिलं.

"वहिनी? तू इथं? आणि दिवा?"

"हे बसलेत दिव्यापाशी."

"मग गेला दिवा," ती म्हणाली.

मला रडू येत होतं. "अक्का, ऑटोत चल. मी आणि हा ऑटोवाला मिळून बसवतो तुला. पंधरा मिनिटांत पोचशील. अकराच्या आत."

"हात लागायचा नाही ठरलंय."

"अगं, कोण बघतंय इथं?"

"मी बघतेय." तिनं किल्ली फिरवून बंडी बंद केली. "दहा मिनिटं. जहीरभाई म्हणाले तसं."

त्या दहा मिनिटांत काय काय गेलं आमच्या अंगावरून. लॉरी गेली की पूल हलायचा, खाली रेल्वे गेली की परत हलायचा. ऑटोवाल्यानं न सांगता आपला ऑटो बंडीच्या मागं आडवा लावला, दिवे चमकवत ठेवले आणि शिव्या खात उभा राहिला. मी जयाक्काच्या शेजारी उभी, हात मुद्दाम पाठीशी बांधून, चुकून लागू नये म्हणून.

"अक्का, चार्जर मी कोंडला होता."

"मला माहितीय वहिनी. आता बोलू नकोस. काय जपायचं ते जप."

मी माहूरच्या रेणुकामातेला म्हणलं, आई, तुझ्या घटापुढून उठून आले. शिक्षा मला कर, बंडीला नको.

तिनं किल्ली फिरवली. बंडी दहा-बारा हात चढली आणि थांबली. परत बंद, परत दहा मिनिटं. दुसऱ्यांदा आणखी थोडी. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकावर आलं होतं, पुसायला तिनं हँडलवरचा हात काढला नाही. तिसऱ्यांदा बंडी कण्हत कण्हत वर पोचली. माझ्या घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती. पुढं उतार होता, आणि उतारानंतर विद्यापीठाचा सपाट रस्ता. अकराच्या आत पोचणं संपलं होतं. तिलाही ते कळलं होतं. तरी ती थांबली नाही. मी ऑटोत बसले, आणि तो आता कुणी न सांगताच मागं मागं राहिला.

तारनाक्याच्या इमारतीला दोन पायऱ्या. जयाक्का बंडीला अडकवून आणलेली काठी टेकत स्वतः चढली. साहेब दारातच उभे होते. भिंतीवर नवीन घड्याळ लावलेलं.

"मॅडम, अकरा वीस."

"हौ साहेब. लेट लावा."

"तीन लेट झाले की एक रजा जाते, माहिती आहे ना?"

"मग अजून दोन शिल्लक आहेत," ती म्हणाली. "आणि साहेब, चार्जर आणलाय. फायलींच्या खोलीच्या खिडकीपाशी प्लग हवा, वायर बाहेर बंडीपर्यंत जायला. का तो पण तिकडच्या वाट्याला गेला?"

साहेब हसले की नाही मला दिसलं नाही. पण शिपायाला त्यांनी खिडकीपुढचं एक कपाट बाजूला ओढायला सांगितलं.

घरी आले तर हे देव्हाऱ्यापुढं तसेच बसलेले. बोटं तेलानं माखलेली, समोर चार अर्धवट वळलेल्या वाती. दिवा जळत होता. "पोचली?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, "ती आली की सांगेल." माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी साडेसहाला फाटक वाजलं. दिवसभर चार्ज झालेली बंडी कशीबशी घरी आली होती. जयाक्का आत आली, पाणी प्याली आणि पर्समधून तो कागद काढून ह्यांच्यापुढं टेबलावर ठेवला.

"दादा, अकरा वाजून वीस मिनिटं. पेन दे."

ह्यांनी पेन दिलं नाही. मला वाटलं, आता मी नाही बोलले तर परत कधी ह्या घटापुढं हात जोडता येणार नाहीत.

"उशीर तिनं नाही केला," मी म्हणाले. "बंडीनंही नाही. पंधरा दिवस चार्जर मी खणात कोंडून ठेवला. रोज चार्ज करा म्हणून जहीरभाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं होतं. बॅटरी मी मारली. तरी ती कुणाचा हात न लावता पूल चढली. मी डोळ्यांनी पाहिलं. कुणाला निवृत्ती द्यायचीच असेल तर मला द्या, स्वयंपाकातून."

हे उठले, देव्हाऱ्याशी गेले, दिव्यात तेल घातलं, वात सारली. परत आले. त्यांच्या दहाही बोटांना तेल होतं. त्यांनी टेबलावरचा तो कागद उचलला आणि सावकाश, एकेक बोट करून, त्याला हात पुसले.

"दादा, सरकारी कागद आहे तो. तेलकट चालत नाही."

"चालत नाही ना?" हे म्हणाले. "मग राहू दे."

आठवड्यानं जहीरभाई येऊन दोन्ही बॅटऱ्या बदलून गेले. बिघडल्या कशा असं विचारलं, तेव्हा मी काही न लपवता सांगितलं. त्यांनी पितृपंधरवड्याचं नीट समजून घेतलं आणि मान हलवली. "मतलब अम्मा, आपके बुजुर्ग पेट भर के खाए और बंडी भूखी रही."

जयाक्का अजून जाते तारनाक्याला. पुढच्या वर्षी पंधरवड्यात सासऱ्यांच्या तिथीला मी पान वाढलं, खीर, वडे, सगळं. पान घेऊन मी गच्चीवर निघाले आणि मधेच परत फिरले. आधी दारातल्या बंडीला चार्जर लावला. मग वर जाऊन कावळ्याला हाक मारली.